मोरीचे पाणी जमिनीखालून न्या

गावात नळ आला. घरात पाणी आले. हंडे-कळशा घेऊन दूर जाणाऱ्या आयाबायांच्या खेपा वाचल्या. ही मोठी आनंदाची गोष्ट झाली.

पण घरात आलेले पाणी घरात राहते का? नाही. आंघोळ झाली, भांडी घासली, कपडे धुतले, की ते मोरीतून बाहेर पडते. बाहेर कुठे जाते? बहुतेक ठिकाणी ते भिंतीला लागून वाहते, बोळात येते आणि खड्डा सापडला की तेथे साचते. पाणी घरात आणण्याचा विचार आपण केला. बाहेर नेण्याचा विचार मात्र राहून गेला.

हे पाणी थोडेथोडके नाही. आपण हिशेब करून पाहू. केंद्र सरकारने २०१९ साली जल जीवन मिशन सुरू केले. खेड्यातील दर माणसाला रोज ५५ लिटर पाणी, असे माप त्यात धरले आहे. घरात पाच माणसे असली, तर २७५ लिटर झाले. पिण्यात आणि स्वयंपाकात थोडे खर्च होते. बाकीचे निदान २०० लिटर मोरीतून बाहेर येते असे धरू. १५ लिटरची घागर धरली, तर तेरा घागरींहून जास्त! गावात शंभर घरे असली, तर रोज २०,००० लिटर. म्हणजे दहा हजार लिटरचे दोन टँकर आपण रोज आपल्याच बोळात ओततो. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात, ते असे.

साचलेले पाणी काय करते?

पहिली गोष्ट डासांची. घाणेरड्या, साचलेल्या पाण्यात क्यूलेक्स जातीचे डास अंडी घालतात. अंड्यापासून उडणारा डास व्हायला उन्हाळ्यात आठ-दहा दिवस पुरतात. हाच डास हत्तीरोगाचे जंतू एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेतो. पाय सुजून खांबासारखा होतो, तो हा रोग. विदर्भातील काही जिल्ह्यांतील लोकांना त्याची चांगली ओळख आहे.

दुसरी गोष्ट घराची. पाणी भिंतीच्या पायात मुरते. माती भुसभुशीत होते. ओल वर चढते. भिंतीला तडे जातात.

तिसरी गोष्ट विहिरीची. गावातील पाणी झिरपत झिरपत विहिरीत किंवा हातपंपाच्या झऱ्यात गेले, तर तेच पाणी पुन्हा आपल्या पोटात येते.

आणि चौथी गोष्ट शेजाऱ्याची. “तुमच्या मोरीचे पाणी माझ्या दारात का?” ह्या एका प्रश्नावरून किती घरांत अबोला झाला असेल! बांधावरचे भांडण वर्षातून दोनदा होते. मोरीचे भांडण रोज होते. कारण मोरी रोज वाहते.

उपाय फार अवघड नाही. मोरीचे पाणी जमिनीखालच्या नळीतून परसात न्यावे आणि तेथे ते मुरवावे किंवा झाडांना द्यावे. ही युक्ती नवी नाही. सिंधमध्ये मोहेंजोदडो नावाचे जुने शहर उकरून काढले आहे. ते सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचे. तेथे घराघरांतील न्हाणीला भाजक्या विटांची उतरती जमीन होती. न्हाणीतील पाणी रस्त्याच्या कडेच्या झाकलेल्या गटारात जाई. त्या लोकांना जे जमले, ते आपल्याला का जमू नये?

आधी पाहा, मग खणा

कुदळ उचलण्यापूर्वी तीन गोष्टी पाहून घ्या.

एक, पाणी कोठे न्यायचे ती जागा. ती मोरीपेक्षा खालच्या अंगाला हवी. पाणी आपण होऊन चढत नाही. ही जागा विहीर, आड किंवा हातपंप यांपासून निदान साठ फूट दूर असावी. घराच्या पायापासूनही निदान दहा फूट दूर असावी. अधिक दूर जमले तर आणखी चांगले. शेजाऱ्याची विहीर आपली नाही, म्हणून ती सोडून मोजू नका. तिच्यातले पाणीही माणसेच पितात.

दोन, जमीन पाणी पिते की नाही. याची परीक्षा घरच्या घरी करता येते. त्या जागी फूटभर लांब-रुंद खड्डा घ्या. ज्या खोलीवर पाणी मुरवायचे, त्या खोलीपर्यंत तो न्या. त्यात पाणी भरा आणि ते पूर्ण मुरू द्या. जमीन आधी भिजली पाहिजे. मग पुन्हा वीतभर पाणी भरा. आत एक पट्टी उभी करा आणि घड्याळ पाहा. अर्ध्या तासात इंचभर किंवा त्याहून जास्त पाणी उतरले, तर तेथे शोषखड्डा चालेल. एक इंच उतरायला अर्धा ते एक तास लागला, तर खड्ड्याऐवजी खडीचा लांब चर करा. एका तासातही इंचभर उतरले नाही, तर त्या जागेचा नाद सोडा. पाणी केळीला आणि झाडांना द्या.

मुरमाड जमीन पाणी चटकन पिते. काळी रेगडी पाणी धरून ठेवते. कोकणातील जांभ्यातून पाणी झरझर खाली जाते. म्हणून तेथे विहिरीपासूनचे अंतर आणखी वाढवावे. पावसाळ्यात जेथे हातभर खणले की पाणी लागते, तेथे शोषखड्डा करू नये.

तीन, नळीची वाट. ती सरळ असावी. मोठ्या झाडाच्या मुळांजवळून नेऊ नये. मुळे पाण्याच्या वासाने नळीच्या सांध्यात शिरतात. पिण्याच्या पाण्याचा नळ जमिनीखालून कोठून गेला आहे, तेही आधी विचारून घ्या. दोन्ही नळ्या एकमेकींना लागून ठेवू नयेत.

उताराचा हिशेब

या सगळ्या कामाचा जीव उतारात आहे. येथे पंप नाही, वीज नाही. उतारच पाण्याला पुढे नेतो. उतार कमी पडला तर पाणी थांबते आणि गाळ बसतो. उतार फार झाला तर पाणी पळून जाते, खरकटे मागे राहते.

चार इंची नळीला दर दहा फुटांस तीन इंच उतार द्यावा. हे माप पाठच करा. वीस फुटांस सहा इंच. चाळीस फुटांस बारा इंच, म्हणजे एक फूट.

डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. जमीन डोळ्यांना फसवते. गवंडी वापरतात ती पाणसळ घ्या, नाहीतर पारदर्शक प्लास्टिकची बारीक नळी आणा. तिच्यात पाणी भरा. आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. चराच्या दोन्ही टोकांना एकेक खुंटी ठोका. नळीची दोन टोके दोन खुंट्यांना लावून धरा. दोन्हीकडे पाणी जेथे थांबेल, ती जागा एकाच पातळीत असते. तेथे खुणा करा आणि खुणेला खुण जोडून दोरी ताणून बांधा. ही दोरी झाली सपाट.

आता दोरीपासून खाली मोजायचे. समजा मोरीजवळ दोरीपासून चराच्या तळापर्यंत २० इंच आहेत. मग दहा फुटांवर २३ इंच हवेत. वीस फुटांवर २६, तीस फुटांवर २९ आणि चाळीस फुटांवर ३२. कागदावर हे आकडे आधी लिहून काढा आणि कागद हातात ठेवून खणा. अक्षरओळख अशा वेळी उपयोगी पडते, बरं का! गवंड्याने उतार बरोबर दिला की नाही, हे आता तुम्ही स्वतः मोजून सांगू शकता.

चर खणणे

चर सव्वा फूट रुंद पुरतो. नळीच्या डोक्यावर निदान एक फूट माती आली पाहिजे. जेथून बैलगाडी किंवा ट्रॅक्टर जातो, तेथे अडीच ते तीन फूट माती हवी. नाहीतर चाकाच्या भाराने नळी चेपते.

तळ खणताना शेवटचे दोन-तीन इंच सावकाश काढा. माप चुकून जास्त खोल गेले, तर सैल माती टाकून भरू नका. ती पुढे दबते आणि नळीला पोट सुटते. त्या पोटात गाळ साचतो. तेथे बारीक मुरूम टाकून धुम्मसाने चांगला ठोका.

तळावर तीन-चार इंच वाळू किंवा चाळलेली बारीक माती पसरा. ही नळीची गादी. गादीत दगड राहता कामा नये. एकच अणकुचीदार दगड नळीला भोक पाडायला पुरतो. काळ्या रेगडीत ही गादी फार महत्त्वाची. रेगडी पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि नळीला हलवते. म्हणून तेथे नळीच्या बाजूंनाही वाळू किंवा मुरूम भरावा. उताराची मापे मात्र गादी पसरल्यावर पुन्हा घ्या. नळी गादीवर बसणार आहे.

नळी बसवणे

पूर्वी भाजलेल्या मातीच्या नळ्या घालीत. आता पी.व्ही.सी.च्या नळ्या मिळतात. त्या हलक्या असतात, गंजत नाहीत. दहा फुटी आणि वीस फुटी मिळतात. सांडपाण्यासाठी असलेली चार इंची नळी मागावी. वीज-तारेची पातळ नळी स्वस्त पडते म्हणून घेऊ नये. ती मातीच्या भाराने दबते.

नळीचे एक टोक रुंद असते. त्याला सॉकेट म्हणतात. काम खालच्या टोकाकडून सुरू करा आणि मोरीकडे वर वर या. प्रत्येक नळीचे रुंद टोक मोरीच्या बाजूला ठेवा. वरच्या नळीचे बारीक टोक त्यात बसते. असे केले म्हणजे वाहते पाणी सांध्याला अडखळत नाही.

सांधा करताना दोन्ही टोके फडक्याने कोरडी पुसा. कापलेल्या टोकाची खरखर घासून काढा. सोल्यूशन पातळ लावा, टोक पूर्ण आत सारा आणि थोडा वेळ धरून ठेवा. सोल्यूशन लवकर पेट घेते. जवळ बिडी ओढू नये, चूल पेटवू नये.

वळण घ्यावेच लागले, तर काटकोनात घेऊ नका. दोन सौम्य वळणे द्या किंवा तेथे चेंबर बांधा. चेंबर म्हणजे दीड फूट लांब-रुंद विटांची कुंडी, वर उचलता येईल असे झाकण. पुढे नळी तुंबली, तर झाकण उघडून काठी घालता येते. सगळी नळी पुरून टाकली आणि उघडायला जागाच ठेवली नाही, तर एका तुंबलेल्या खरकट्यासाठी सारा चर पुन्हा उकरावा लागतो.

मोरीच्या तोंडाशी

मोरीच्या भोकावर जाळी बसवा. भाताची शिते, केस, भाजीची देठे तेथेच अडली पाहिजेत. भांड्याला लागलेले तेल-तूप आधी कागदाने किंवा राखेने पुसून काढावे. ती राख मोरीत न टाकता उकिरड्यावर टाकावी. नळीत गेलेले तूप थंडीत गोठते आणि नळीचा गळा आवळते.

जाळीखाली ट्रॅप हवा. दुकानात तो “न्हाणी ट्रॅप” या नावाने मिळतो. नावातच आपली न्हाणी आहे. त्याची घडण अशी, की आत दोन इंच पाणी नेहमी साचून राहते. हे पाणी बुचासारखे काम करते. नळीतली दुर्गंधी आणि झुरळे त्या पाण्यामुळे घरात येत नाहीत. घर काही दिवस बंद राहिले, तर ट्रॅपमधले पाणी सुकते आणि वास येऊ लागतो. तांब्याभर पाणी ओतले की वास बंद!

मोरीबाहेर पहिलेच चेंबर थोडे खोल करा. त्याचा तळ नळीच्या तोंडाहून वीतभर खाली ठेवा. गाळ तेथे बसतो आणि पुढे जात नाही. या चेंबरचे झाकण घट्ट बसवा, म्हणजे डास आत शिरणार नाहीत. पंधरा दिवसांनी गाळ काढून उकिरड्यात टाका. एवढी निगा राखली, तर पुढचा शोषखड्डा पुष्कळ वर्षे टिकतो.

एक गोष्ट पक्की ध्यानात धरा. संडासाचे पाणी या नळीत मुळीच सोडू नये. त्याचे खड्डे वेगळे. पन्हळीचे पावसाचे पाणीही यात नको. एका जोराच्या सरीने शोषखड्डा भरून जाईल.

पाणी शेवटी कोठे?

जमीन पाणी पिणारी असेल, तर शोषखड्डा करा. पाच माणसांच्या घराला चार फूट लांब आणि चार फूट रुंद खड्डा घ्यावा. नळीच्या तोंडाखाली तीन-चार फूट खोली असावी. तळाशी मोठे दगड, मध्ये मध्यम, वर लहान दगड भरा. त्यावर गोणपाट टाका आणि माती ओढा. दगडांच्या फटींत पाणी थांबते आणि हळूहळू चारी बाजूंनी मुरते. वर पाणी दिसत नाही, म्हणून डास नाहीत. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावाने घरोघर असे खड्डे करून गटारे हटवली. त्या गावाचे पाहून इतर गावांनीही खड्डे घेतले.

खड्डा खणताना एकट्याने उतरू नये. माती सैल असेल, तर बाजू उतरत्या ठेवाव्यात. कडेला मातीचा ढीग घालू नये. आणि जुन्या, बंद असलेल्या सांडपाण्याच्या खड्ड्यात तर कोणीच उतरू नये. आत विषारी वायू असतो. आत पडलेल्याला वाचवायला गेलेलाही दगावतो.

जमीन सावकाश पिणारी असेल, तर खड्ड्याऐवजी दोन फूट रुंद, दोन-तीन फूट खोल असा लांब चर घ्या. त्यात खडी भरा आणि भोके पाडलेली नळी ठेवा. पाणी लांबवर पसरते आणि जमिनीला पिणे सोपे जाते.

परस पुरेसा उतरता असेल, तर पाणी सरळ झाडांना द्या. केळ, कर्दळ, नारळ ही झाडे पाणी भरपूर पितात. मात्र कोथिंबीर, मुळा, गाजर अशा कच्च्या खायच्या भाजीला हे पाणी घालू नये. रोज एकाच आळ्यात सोडू नये. साबण आणि सोडा यांनी माती घट्ट होते. आज या आळ्यात, उद्या त्या आळ्यात, अशी पाळी लावावी. आळ्यात डबके राहू देऊ नये.

माती ओढण्यापूर्वी परीक्षा

नळी बसली की घाईने माती ओढू नका. आधी परीक्षा करा.

खालचे तोंड फडक्याने घट्ट बंद करा आणि वरून नळीत पाणी भरा. अर्धा तास थांबा. सांध्याशी वाळू ओली झाली, तर तो सांधा गळतो. तो आताच दुरुस्त करा.

मग बूच काढा आणि एक घागर पाणी ओता. त्यात थोडी नीळ टाका. निळे पाणी खालच्या तोंडाशी न अडखळता आले, तर उतार बरोबर आहे. सरळ नळीत आणखी एक परीक्षा होते. एका टोकाला बॅटरी धरा, दुसऱ्या टोकाने पाहा. उजेडाचा वाटोळा चांदोबा पूर्ण दिसला, तर नळी सरळ. अर्धाच दिसला, तर मध्ये कोठे तरी वाक आहे.

आता माती ओढा. आधी दोन्ही बाजूंना बारीक माती हाताने दाबून भरा. नळीवर फूटभर माती येईपर्यंत दगड टाकू नका, धुम्मसही मारू नका. त्यानंतर थर थर भरून ठोका. शेवटी माती जमिनीपेक्षा दोन-तीन इंच उंच ठेवा. पहिल्या पावसाने ती बसते.

कागदावर लिहून ठेवा

पुरलेली नळी डोळ्यांआड होते. दोन वर्षांनी ती कोठून गेली हे घरातल्यांनाही आठवत नाही. मग कोणी खुंटी ठोकतो, कोणी झाडाचा खड्डा घेतो आणि नळी फुटते. म्हणून एक कागद घ्या. त्यावर घराची आकृती काढा. नळीची रेघ ओढा. उंबऱ्यापासून किती फूट, भिंतीपासून किती फूट, किती खोल, चेंबर कोठे, हे सारे लिहा. खाली तारीख घाला. हा कागद सातबाऱ्याच्या उताऱ्याबरोबर जपून ठेवा. तुमच्या हातचे ते चार आकडे तुमच्या मुलांच्या उपयोगी पडतील.

काम सुरू करण्यापूर्वी ग्रामपंचायतीतही विचारा. स्वच्छ भारत मिशनचा दुसरा टप्पा २०२० साली सुरू झाला. त्यात सांडपाण्याच्या व्यवस्थेला जागा दिली आहे. आपल्या गावाला काय मदत मिळू शकते, ते विचारल्याशिवाय कळत नाही. नळी बोळातून किंवा दुसऱ्याच्या जागेतून न्यायची असेल, तर आधी त्यांच्याशी बोला. चर खणल्यावर बोलण्यापेक्षा चर खणण्याआधी बोललेले बरे.

एका घराने नळी घातली, तर एक अंगण कोरडे होते. बोळातल्या दहा घरांनी घातली, तर सारा बोळ कोरडा होतो. पोरे त्यात अनवाणी खेळतात, म्हातारी माणसे काठी टेकीत निर्धास्त चालतात. आपल्या घरात आलेले पाणी हे आपले पाणी. त्याची शेवटपर्यंत सोय लावणे हेही आपलेच काम.

लक्षात ठेवा

१. दर दहा फुटांस तीन इंच उतार.
२. विहिरीपासून निदान साठ फूट दूर.
३. काम खालून वर, सॉकेट मोरीकडे.
४. जाळी, ट्रॅप आणि गाळाचे चेंबर हवेच.
५. संडासाचे पाणी या नळीत नको.
६. परीक्षा आधी, माती नंतर.

सांगा पाहू

१. तुमच्या घरात किती माणसे आहेत? मोरीतून रोज किती घागरी पाणी बाहेर जात असेल?
२. मोरीपासून जागा ३० फूट दूर असेल, तर एकूण उतार किती इंच हवा?
३. ट्रॅपमधल्या पाण्याचे काम काय?
४. तुमच्या घराच्या सर्वांत जवळची विहीर किती फुटांवर आहे? मोजून लिहा.